सायकलचा लाईट खड्ड्यात का विझतो

डिसेंबरातली पहाट, साडेपाच वाजलेले, खडकवासला मागे टाकून आम्ही दोघं डोणज्याकडे निघालेलो, उजाडायच्या आत सिंहगडाच्या पायथ्याला पोचायचं ठरलेलं. पहिला स्पीडब्रेकर आला आणि माझा लाईट आपोआप मंद झाला. मी हात लावलेला नाही. दुसऱ्या स्पीडब्रेकरला तो डिस्को करायला लागला, लुकलुक लुकलुक. तिसऱ्याला परत फुल्ल. मला वाटलं चला, निदान फुल्ल तरी झाला, तेवढ्यात एक खड्डा आला आणि जो गेला तो गेलाच, मग चापट मारली, बटण दहा वेळा दाबलं, शिव्या घातल्या, कशालाच बधेना. उरलेला रस्ता मित्राच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत काढला.

घरी येऊन तो उघडला तर एलईडी ठणठणीत. सेल नवेकोरे. आत तीन बारके पेन्सिल सेल बसवायचा एक प्लास्टिकचा गोल पिंजरा असतो बघा, स्वस्त टॉर्चमध्ये हमखास असतो तो, त्यातली एक स्प्रिंग दबून पार बसलेली. खड्ड्यात सायकल खाली जाते, सेल त्याच्या वजनाने मागेपुढे हलतो, चांगली स्प्रिंग त्याच्या पाठोपाठ ताणली जाते आणि संपर्क सुटू देत नाही, बसलेली स्प्रिंग तिथेच राहते, केसाएवढी फट पडते आणि क्षणभर करंट तुटतो. आता गंमत अशी की या लाईटला मोड बदलायला बटण अर्धवट दाबायचं असतं, आणि अर्धवट दाबणं म्हणजे काय तर करंट क्षणभर तोडणं. म्हणजे आतल्या सर्किटला खड्डा आणि माझा अंगठा यात फरकच कळत नव्हता. त्याला वाटत होतं मीच मोड बदलतोय!

त्या दिवसापासून मी कुठलाही सायकल लाईट हातात घेतला की पहिल्यांदा जोड मोजतो. त्या पिंजऱ्यात तीन सेलची सहा टोकं, पिंजऱ्याची स्वतःची दोन, बटणाची दोन, म्हणजे दहा ठिकाणी धातू धातूला नुसता टेकलेला, सोल्डर केलेला नाही, स्क्रूने आवळलेला नाही, नुसता टेकलेला. दहातला एक रुसला की अंधार. एलईडी नीट चालवला, फार तापू दिला नाही तर हजारो तास चालतो, तो बिचारा सहसा कधी मरत नाही. मरतात ते जोड. दुकानात मात्र आपल्याला सगळं कौतुक एलईडीचं सांगतात, क्री कंपनीचा आहे, झूम आहे, पाच मोड आहेत, एसओएस आहे. अरे, मी कात्रजच्या घाटात उभा राहून जहाजाला सिग्नल देणार आहे का?

आता साधा लाईट म्हणजे नक्की किती साधा असू शकतो ते बघू. मागचा लाल दिवा घ्या. लाल एलईडीला पेटायला साधारण २ व्होल्ट लागतात. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक लावले की ३ व्होल्ट होतात. वरचा १ व्होल्ट कुठेतरी खर्ची घालायला पाहिजे, नाहीतर एलईडी आधाशासारखा करंट ओढतो आणि जळतो, एलईडीला स्वतःला कुठे थांबायचं ते कळत नाही, बल्बसारखं त्याचं नसतं. म्हणून मध्ये एक रेझिस्टर. छोट्या ५ मिलिमीटरवाल्या एलईडीला २० मिलिअँपिअर पुरतात, १ भागिले ०.०२ म्हणजे ५० ओहम, झालं, दोन सेल, एक बटण, एक ५० ओहमचा रेझिस्टर, एक एलईडी. यात बिघडण्यासारखं काही नाही, जे बिघडेल ते डोळ्याला दिसेल आणि कुठलाही रेडिओ दुरुस्त करणारा काका दहा मिनिटात नीट करून देईल. सेल उतरायला लागले की दिवा हळूहळू मंद होत जातो, म्हणजे दोन-तीन दिवस आधी तोच सांगतो की बाबा सेल बदल.

पुढचा पांढरा एलईडी जरा वेगळा. तो मुळात निळा असतो, त्याच्यावर पिवळसर लेप दिलेला असतो, निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. (हा निळा एलईडी जमवायलाच फार वर्षं गेली, त्याच्यासाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं.) त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि रस्ता दिसायला हवा असेल तर २० मिलिअँपिअरमध्ये भागत नाही, शेकड्यात जावं लागतं. तिथे रेझिस्टर लावला तर तो नुसताच तापत बसतो, म्हणून करंट एकसारखा ठेवणारं छोटं सर्किट लावतात, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरवाल्या लाईटचा उजेड सेल उतरला तरी शेवटपर्यंत तेवढाच राहतो. ऐकायला भारी वाटतं, पण काही स्वस्त लाईट शेवटपर्यंत फुल्ल राहतात आणि मग खटकन बंद, काही सूचना नाही काही नाही. चांगले बनवलेले असतात ते चार्जिंग संपत आलं की आपोआप मंद मोडवर उतरतात आणि बटणाखाली लाल टिकली लागते. घाटात उतारावर असताना पूर्ण अंधार होणं आणि उजेड अर्धा होणं यात काय फरक आहे ते उतारावर असतानाच कळतं, म्हणून मी लाईट घेताना ल्युमेनच्या, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्या मापाच्या, आधी हे विचारतो.

ल्युमेनचा विषय निघालाच आहे तर. ऑनलाइन लाईट बघितले की कुणी १० हजार ल्युमेन लिहितं, कुणी १० तास बॅकअप, कुणी दोन्ही एकाच खोक्यावर. जरा गणित करूया, शाळेतलंच आहे. लाईटमध्ये येणारा चांगला एलईडी ढोबळमानाने १ वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो. म्हणजे १० हजार ल्युमेनला १०० वॅट. १० तास चालवायचा तर १००० वॅट-तास. आता आत जो सेल असतो तो बहुतेक वेळा १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असायचा तोच. त्यात २५०० मिलिअँपिअर-तास धरले आणि ३.६ व्होल्टने गुणलं तर ९ वॅट-तास होतात. म्हणजे त्या खोक्यावरचं खरं करायचं तर असे ११० सेल लागतील, पाच किलो वजन, हँडलवर नाही, कॅरिअरवर दुधाच्या कॅनसारखे बांधून न्यावे लागतील. आणि हो, १८६५० वर ९९०० लिहिलेलं दिसलं की समजा थाप आहे, त्या आकारात चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० च्या आसपास जातो.

मग किती उजेड पुरतो? हे उजेडाकडून नाही तर ब्रेककडून मोजायचं. ताशी २५ ने चाललोय म्हणजे सेकंदाला ७ मीटर. खड्डा दिसला, डोक्यात शिरला, बोटं ब्रेकवर गेली, एक सेकंद गेला, ७ मीटर गेले. नंतर कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लावून थांबायला अजून सहाएक मीटर. म्हणजे १५ मीटर पुढचं दिसलं तरी भागतं, २० दिसलं तर निवांत. घाटात ताशी ४५ ने उतरताना हाच हिशोब ३० मीटरच्या पुढे जातो, आणि पावसात रिम ओले असतील तर विचारू नका, तिथे लाईट वाढवण्यापेक्षा वेग कमी करणं स्वस्त पडतं. शहरात रोजच्या जाण्यायेण्याला १०० ते २०० ल्युमेन, नीट रस्त्यावर पडलेले, भरपूर झाले.

"नीट रस्त्यावर पडलेले" हे महत्त्वाचं. टॉर्चचा उजेड गोल असतो, खालचा अर्धा रस्त्यावर पडतो आणि वरचा अर्धा झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यात. अर्धा चार्ज आपण समोरच्याला आंधळं करण्यात घालवतो, आणि तो आंधळा झालेला बाईकवाला आपल्याच अंगावर येणार असतो, म्हणजे बघा. मोटारीच्या डिप्परला जशी वरून सरळ कापलेली रेघ असते तशी सायकलच्या चांगल्या दिव्याला असते, रेघेच्या वर जवळजवळ अंधार, रेघेच्या लगेच खाली सगळ्यात जास्त उजेड कारण तो लांब जाणार असतो, आणि जवळ चाकापुढे कमी. जवळ कमी का, तर अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट पातळ होतो, सगळीकडे सारखाच टाकला तर चाकापुढची दोन फूट पांढरीफेक दिसतील, डोळे त्या चकाकीला सरावतील आणि पुढचं काहीच दिसणार नाही. गोल टॉर्चवाल्यांची नेमकी हीच तक्रार असते की उजेड खूप आहे पण दिसत काही नाही.

जर्मनीत हे वाहतुकीच्या नियमातच लिहिलंय. तिथे पुढच्या दिव्याचा उजेड १० मीटरवर निदान १० लक्स पडला पाहिजे आणि समोरच्याच्या डोळ्यात जाता कामा नये. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडले ते. १० लक्स ऐकायला चिमूटभर वाटतं, पण पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं आणि त्यातसुद्धा आपल्याला पायवाट दिसते. लुकलुकणारे दिवे तिथे सायकलवर चालत नाहीत. आणि २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामोच लागायचा, नुसता बॅटरीचा दिवा चालायचा नाही.

डायनामो म्हटलं की आमच्या काकांची अ‍ॅटलस आठवते. पुढच्या फोर्कला, सायकलवाला त्याला चिमटा म्हणायचा, त्या चिमट्याला बाटलीसारखा डायनामो, खटका दाबला की त्याचं दातेरी डोकं टायरला टेकायचं आणि घुंई आवाज सुरू. सायकल एकदम जड. ती जड का व्हायची तर दिव्याला ३ वॅट द्यायला तो बाटलीवाला पायातून ८-१० वॅट घ्यायचा, उरलेलं सगळं टायर घासण्यात आणि गरम होण्यात जायचं, निवांत सायकल चालवणारा माणूस ७५-१०० वॅटच्या घरात असतो, त्यातले दहा गेले म्हणजे जाणवणारच. पण तो आतून किती हुशार आहे हे मला फार उशिरा कळलं. आत एक चुंबक फिरतो आणि भोवती तारेचं वेटोळं असतं, झालं, ब्रश नाही, काही घासणारं नाही. वेगाने चालवलं की व्होल्टेज वाढतं, मग बल्ब उडायला पाहिजे ना? पण करंटचं दिशा बदलणंही तेवढंच जलद होतं, आणि वेटोळ्याचा गुण असा की करंट जितका जलद उलटसुलट होईल तितकं ते त्याला जास्त अडवतं. म्हणजे एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने अडवतो, त्यामुळे कितीही पळवा, करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो. एकही जादा पार्ट न लावता!

त्याचीच दुसरी बाजू काकांनी भोगलेली. पुढचा बल्ब ६ व्होल्ट २.४ वॅटचा, मागचा ०.६ वॅटचा, म्हणजे पुढच्याला ०.४ अँपिअर आणि मागच्याला ०.१. पुढचा उडाला की तो अर्धा अँपिअर सगळाच्या सगळा मागच्या चिमुकल्या बल्बकडे जाणार, मग तोही गेला. काका म्हणायचे डायनामोच खराब आहे, दोन्ही बल्ब एकदम खातो. डायनामो बिचारा बरोबर होता. आणि दिवा मिणमिणायला लागला की काका डायनामोजवळचा स्क्रू पेचकसाने अर्धा आटा आवळायचे. मला तेव्हा तो टोटका वाटायचा. पण त्यात वायर एकच असते, परतीचा रस्ता म्हणजे सायकलची फ्रेम, आणि तो टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडात घुसलेला असावा लागतो. गंज चढला की तो जोड गेला. परत तेच, जोड.

आता बाटलीऐवजी पुढच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेला डायनामो मिळतो. कल्पना जुनीच, इंग्लंडमध्ये स्टर्मी-आर्चरने १९३६ मध्ये डायनोहब काढला होता. टायरला घासत नाही म्हणून पावसात घसरत नाही, बाटलीवाल्याची पावसात तीच बोंब असायची, टायर ओला झाला की डोकं नुसतं घसरायचं. एलईडी आल्यावर तर डायनामोचे दिवस पालटले, कारण एलईडीला हवा असतो ठरावीक करंट आणि डायनामो देतो ठरावीक करंट, सोयरीक आधीच जुळलेली. मध्ये चार डायोड लावून करंट एका दिशेचा करायचा, बस. सिग्नलला थांबलं की अंधार ही जुनी अडचण होती, तिथे एक फॅरडचा बटणाएवढा कपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ वीज साठवून ठेवणारा पार्ट, लावतात. तो ५ व्होल्टपर्यंत भरला आणि ३ पर्यंत उतरला तर १० मिलिअँपिअरने २०० सेकंद दिवा जळतो, म्हणजे तीन मिनिटांपेक्षा जास्त, पुण्यातला सिग्नलसुद्धा त्याच्या आत सुटतो. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारी मंडळी, ज्यांना ६०० किलोमीटर ४० तासांत करायचे असतात आणि रात्रभर चालवावं लागतं, त्यातले बरेच जण डायनामोवर जीव टाकतात ते उगाच नाही. पण चाक नव्याने बांधून घ्यावं लागतं, पैसे बरेच जातात आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे ऑफिसला जाणाऱ्या माणसाला मी बॅटरीचाच सांगेन.

बॅटरीतही सेल बाहेर काढता येणारा घ्यावा असं माझं मत. आतच चिकटवलेल्या बॅटरीचा लाईट दिसायला सुबक असतो, जोडही कमी असतात, ते मान्य, पण दोन-चार वर्षांत बॅटरी म्हातारी झाली की अख्खा लाईट कचऱ्यात. चार्जिंग पोर्टची एक गंमत सांगतो, कारण याच्यावरून एक चांगला लाईट मी परत पाठवणार होतो. टाइप-सी पोर्ट होतं, मोबाइलचा नवा चार्जर लावला, दोन्हीकडे टाइप-सीची वायर, तर चार्जच होईना. मेलेला समजून खोक्यात भरला. मग पोराने जुन्या चार्जरला, ज्याला चपटं मोठं यूएसबी असतं, त्याची वायर लावून बघितली तर लगेच लाल टिकली पेटली. झालं होतं असं की टाइप-सीचा चार्जर समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय करंट सोडत नाही, ओळख पटवायला पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, आणि बनवणाऱ्याने ते गाळलेले. दोन रेझिस्टर हो, काही पैशांचे!

पाण्याचं थोडक्यात. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. ताम्हिणीतला जुलैमधला पाऊस शिंतोड्यांत बसत नाही. तरी माझा अनुभव, पाणी काचेतून येत नाही, चार्जिंगच्या रबरी झाकणातून येतं, ते झाकण दोन महिन्यात सैल पडतं. पावसाळ्यात झाकणाच्या कडेला आणि सेलच्या टोकांना पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं, अगदी पुसट.

आणि मागचा दिवा. पुढचा गेला तर आपण हळू चालवतो, उतरून चालतो, आपल्याला कळतं तरी. मागचा गेला तर आपल्याला कळतच नाही, म्हणून मागे मी दोन लावतो, एक सीटखाली, एक कॅरिअरला, आणि निदान एक तरी न लुकलुकणारा, कारण लुकलुकणारा लक्ष वेधतो हे खरं पण तो किती लांब आहे याचा अंदाज मागच्याला नीट येत नाही असं मला स्वतः गाडी चालवताना जाणवतं. दोघांच्या जोडीला लाल रिफ्लेक्टर. त्यात सेल नाही, बटण नाही, स्प्रिंग नाही, एकही जोड नाही. आत बारीक बारीक कोपरे असतात, तीन आरसे काटकोनात जोडल्यासारखे, उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर अशाच कोपऱ्यांचा एक ट्रे ठेवला, पृथ्वीवरून लेझर मारला की अजून उत्तर येतं. पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर तर काढूच नका, ते वरखाली होतात म्हणून मागच्याला लांबूनच कळतं की ही सायकल आहे. फक्त महिन्यातून एकदा पुसायचे, चिखलाखाली गेलेला रिफ्लेक्टर म्हणजे नुसतं प्लास्टिक.

दुकानात गेलात तर लाईट चालू करा आणि दुसऱ्या तळहातावर पाच-सहा वेळा जोरात आपटा. दुकानदार बघेल, बघू दे. मिणमिणला किंवा मोड बदलला तर ठेवून द्या. मग हातमोजा घालून बटण दाबून बघा, आणि बंद करायला किती वेळा दाबावं लागतं ते मोजा, माझ्या लेखी दोनापेक्षा जास्त म्हणजे नको. क्लॅम्प रबरी पट्ट्याचा असेल तर पट्टा सुटा मिळतो का विचारा, कारण उन्हाने तो आधी तडकतो. घरी आणल्यावर रात्री सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, गोल उजेडाचा असेल तर उजेडाचा मधला भाग भिंतीवर दिव्याच्या निम्म्या उंचीवर पडला पाहिजे, म्हणजे रस्त्यावर तो १० मीटरवर टेकतो, आणि रेघवाला असेल तर रेघ दिव्याच्या उंचीच्या जराशी खालीच राहू दे. तेवढं झालं की क्लॅम्पच्या कडेला हँडलवर खडूने एक खूण करून ठेवा, खड्ड्यांनी लाईटची मान खाली गेली की दुसऱ्या दिवशी लगेच कळतं.